नवऱ्याचं सोंग

श्री वीतरागाय नमः

तासगाव, १४ जुलै, सोमवार

राजमती पडली. देवळातून दर्शन करून उतरताना शेवटच्या पायरीवर पाय सटकला आणि मांडीचं हाड मोडलं. सांगलीला नेलंय, आत सळई घालणार म्हणतात. मी तिच्या मागंच होते. हातातला अक्षतांचा डबा काही सोडला नाही बाईनं.

वहीत खोटं लिहायचं नाही हा माझा नेम, म्हणून लिहिते. जीप दवाखान्याकडे निघाली तेव्हा तोंडात णमोकार मंत्र होता आणि मनात हे, की आता सतरा ऑगस्टला सांगलीच्या झिम्मा-फुगडीच्या स्पर्धेत पुढं गाणार कोण?

आमच्या गल्लीच्या महिला मंडळाच्या रिंगणात बारा जणी. राजमती गाणं उचलते, बाकीच्या झेलतात. गेल्या वर्षी रहिमतपूरच्या मंडळानं आम्हाला मागं टाकलं. त्यांची सुलाबाई करंडक काखेत मारून माझ्यासमोरून गेली आणि वर म्हणाली, "तुमचं बी बरं झालं हो." ते "बी" अजून टोचतं.

शेजारीण दवाखान्यात आणि मला करंडक आठवतो. प्रायश्चित्त म्हणून आठ दिवस साखर सोडली.

१७ जुलै, गुरुवार

राजमतीचं धाकटं पुण्याहून आलं. चंदना. आईचं ऑपरेशन नीट झालं, आता महिनाभर इथंच राहणार.

गल्लीला सगळं ठाऊक आहे, पण लिहून ठेवते. ही जन्मली तेव्हा मुलगा म्हणून पेढे वाटले होते. एकोणतीस वर्षांची आहे आता. पुण्याला नोकरी लागली, तिथं डॉक्टर, कागदपत्रं सगळं रीतसर करून ती चंदना झाली. जुनं नाव तिला आवडत नाही, म्हणून इथं लिहीत नाही. राजमती आधी वर्षभर रडली. मग एकदा पुण्याला जाऊन आली आणि "तिच्यासाठी दोन इरकली लुगडी घेऊन गेले होते" एवढंच म्हणाली.

मी डबा घेऊन गेले. पोरगी स्वयंपाकघरात पाणी गाळत होती, दुहेरी फडक्यातून, गाळलेलं फडकं परत त्याच पाण्यात खळबळून. ते बघून माझा अर्धा जीव भांड्यात पडला. आमच्या सूनबाईला, ब्राह्मीला, अजून सांगावं लागतं.

२१ जुलै, सोमवार

तालमीचं वाटोळं. पावसाळ्यात आमचं बेदाण्याचं शेड मोकळंच असतं. हिरव्या जाळ्यांवरून जुन्या साड्या सोडल्या की बाहेरून काही दिसत नाही. मागची छोटी खोली साड्या बदलायला. दुपारी तीननंतर गडीमाणसांना तिकडं फिरकायची बंदी. यांनासुद्धा.

ब्राह्मीनं गाणं उचलून बघितलं. तिचा आवाज मोबाईलवर बोलण्यापुरता. दगडाबाई आज्जी आमच्यात सगळ्यात मोठ्या. खुर्चीवरून म्हणाल्या, "ही गाती का मांजराला हाकलती?"

सगळ्या हसून बसल्या तेवढ्यात पलीकडच्या परसातून आवाज आला. चंदना कपडे धूत गात होती. आमचंच गाणं, रुसलेल्या नवऱ्याचं.

भाकरीवरनं रुसला गं,
माडीवर जाऊन बसला गं...

दगडाबाई उठून उभ्याच राहिल्या. "आगं, ही तर राजमतीची धार!"

लहानपणी ती आईच्या मांडीवर बसून सगळी गाणी ऐकायची. आठ-नऊ वर्षांची झाल्यावर, पोरगा म्हणून, रीतीप्रमाणं बाहेर घालवली. तेव्हा जाळीच्या मागं बसून ऐकायची, असं राजमती सांगते.

२२ जुलै, मंगळवार

बैठक झाली. लांबलचक लिहिते, कारण डोकं अजून भणभणतंय.

ब्राह्मी म्हणाली, "त्यात विचार करायचाय काय? बोलवा तिला. बारावी जागा रिकामी आहे."

मंगल म्हणाली, "मी न्हाई येणार मग."

मंगल म्हणजे आमची ताकद. तिची फुगडी बघायला माणसं लांबून येतील, पण माणसांना बघू देत नाही हीच तर गंमत. राजमतीची जोडीदारीण तीच. तिच्या घरी सासरा, दोन दीर, नवरा. घर दोन खोल्यांचं.

ब्राह्मी म्हणाली, "मंगलताई, किती जुन्या विचारांच्या हो तुम्ही."

"जुनं-नवं मला सांगू नगंस. तुझ्या घरात संडासाला दोन कड्या हायत. माझ्यात घरातनं अंगणात जायचं तरी पदर डोक्यावर. आठवड्यातनं दोनदा ह्या शेडात मी पदर खोचते, मांडीएवढं लुगडं वर घेते आन् कुणाचं भ्या न्हाई म्हणून नाचते. त्या पोरीशी माझं वैर न्हाई. भेटली तर च्या पाजीन. पण ती आत आली आन् माझं अंग आक्रसलं, तर त्याला मी काय करू? अंगाला भाषण देऊ?"

दगडाबाई खुर्चीवरून म्हणाल्या, "त्या पोरीचं अंग कुठं जाऊन मोकळं व्हायचं, ते बी सांग."

"ते मला काय म्हाईत आज्जी? मी माझं सांगितलं."

माझ्याकडं सगळ्या बघायला लागल्या, कारण शेड आमचं आणि हिशोबाची वही माझ्याकडं. मी म्हणाले, "उद्या सांगते." मॅट्रिकला असताना गणित सुटलं नाही की मी हेच म्हणायची.

२३ जुलै, बुधवार

सकाळी देवळात स्वाध्यायाला पोथीत नेमकं आलं, की आत्मा ना स्त्री ना पुरुष, ते सगळं देहाचं. मला वाटलं, सुटलं गणित. घरी येईपर्यंत लक्षात आलं, साडी बदलायची खोली आत्म्यासाठी नसते. पंचाईत देहाचीच आहे.

मंगल बरोबर वाटते. चंदनाच्या जागी स्वतःला ठेवून बघितलं तर तीही बरोबर वाटते. दोघी बरोबर असल्या तर चुकतंय कोण?

यांना विचारलं. हे म्हणाले, "मला तीननंतर माझ्याच शेडात येऊ देत न्हाईस आन् हे बरं इचारतीस." बरोबर आहे.

२५ जुलै, शुक्रवार

मार्ग निघाला! माझाच मार्ग, आणि लिहिताना जरा अभिमान वाटतो. उद्या ध्यानाला बसून एक सामायिक जास्त करीन.

मी चंदनाला बोलावून सगळं समोर सांगितलं, मंगलचं नाव न घेता. तिनं ओळखलंच असणार. म्हणाली, "आक्का, मी घरूनच नेसून येईन. बदलायच्या खोलीत येणार नाही. गाताना जाळीपाशी उभी राहते. चालेल?"

मंगल म्हणाली, "गाणं म्हणू दे. पण माझी फुगडीची जोडी बदला." ते मान्य केलं. मंगलला ब्राह्मी दिली.

आता माझी युक्ती. आमच्या खेळात सगळ्यात शेवटी सोंग असतं. एक बाई धोतर नेसते, मिशी काढते, टोपी घालते आणि रुसलेला नवरा होते. बायको मनधरणी करते, हा माहेरी निघतो, त्याची आईच त्याला लाटणं घेऊन परत घालवते. हॉल कोसळतो त्याला. नवरा व्हायला दरवर्षी मारामार, कुणी तयार नसतं. तालमीत सगळ्यांसमोर मी म्हणाले, "चंदना, नवरा तू हो! उंची आहे, आवाज जाड काढता येतो. तुला शोभेल बघ. आणि नवरा झालीस म्हणजे कुणाचा काही आक्षेपच राहत नाही!"

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मंगलनंसुद्धा.

चंदनाचे डोळे भरून आले. एकदम एवढा मान मिळाला, येणारच. "दूध उतू जाईल" म्हणून लगेच घरी पळाली. लाजाळू आहे पोरगी.

२८ जुलै, सोमवार

स्पर्धेसाठी तालमी वाढवल्या, पण दोन झाल्या तरी चंदना आली नाही. बरं नसेल. मऊ भात आणि मेतकूट पाठवलं. डबा रिकामा आला, धुऊन, पण पोरगी नाही.

ब्राह्मी आणि मंगलची फुगडी म्हणजे जातं आणि कागद. मंगलनं तिसऱ्या गिरकीला अशी ओढली की ब्राह्मी सुटून बारदानाच्या ढिगात. लागलं नाही, देवाची कृपा. मंगल ओरडली, "ही सून हाय का पतंग?"

२९ जुलै, मंगळवार. नागपंचमी

लाह्या घेऊन राजमतीकडं गेले. ती कॉटवर पाय वर करून. चंदना वेणी घालत होती तिची. मी म्हणाले, "अगं, तब्येत बरी आहे ना? तालमीला ये की. नवरा वाट बघायला लावतो म्हणतात, पण एवढी?"

राजमतीनं माझ्याकडं असं बघितलं की हातातली वाटी मला जड झाली.

चंदनानं वेणीला गाठ मारली. मग म्हणाली, "आक्का, शेड झाडायला सांगा, झाडते. पाणी भरायला सांगा, भरते. बाहेर उभी राहून गा म्हणालात तरी गाईन. तेवढं एक सोंग नको."

"का गं? गमतीचं तर आहे."

"तुमच्यासाठी गमतीचं. ते सोंग मी पंचवीस वर्षं केलंय, आक्का. धोतर, टोपी, जाड आवाज. वठत पण नव्हतं मला." आणि मग हसली, आईसारखं, ओठाच्या एका कोपऱ्यातून. "आणि बक्षीस तर कुणी दिलंच नाही."

राजमती फिसकन हसली. मग मी हसले. मग हसता हसता मला काहीतरीच झालं आणि मी लाह्या सांडल्या.

मी किती मोठा मान म्हणून दिला होता तो. लग्नाच्या पंगतीत उपवास करणाऱ्याला आग्रहानं वाढावं तसं झालं.

"ये उद्या," मी म्हणाले. "सोंगाचं मी बघते."

३० जुलै, बुधवार

सोंगाचं मी बघते म्हणाले खरी. कोणीच तयार नाही. एक म्हणाली नवरा रागावेल, एक म्हणाली मिशीनं पुरळ येतं. दगडाबाई म्हणाल्या, "मी झाले असते, पण धोतर सुटलं तर वाकता येत न्हाई."

मग सगळ्या माझ्याकडं बघायला लागल्या. परत.

मी? रोज अभिषेकाला जाणारी, दिवस बुडला की तोंडात पाणी न घेणारी, गल्लीत जिच्यासमोर पोरं पतंगाच्या शिव्या गिळतात ती?

१ ऑगस्ट, शुक्रवार

देवळात उभी राहून विचारलं. देव काही बोलला नाही, पण हसू नको असंही म्हणाला नाही.

घरी येऊन यांना म्हणाले, "तुमचं एक जुनं धोतर द्या."

"कशाला? फरशी पुसायला?"

"नवरा व्हायचंय मला."

चहाची बशी तोंडाशी नेलेली तशीच राहिली. मग म्हणाले, "कुणाचा?"

३ ऑगस्ट, रविवार

लय हसले आज. असं लिहू नये, पण दुसरा शब्द नाही.

मला काष्टा घालता येईना. हे बाहेरच्या खोलीत उभे राहून एकेक निरी दाखवायला लागले. तीस वर्षांत यांनी मला काही शिकवलेलं हे पहिलंच. चालून दाखवलं तर म्हणाले, "आसं न्हाई. तू देवळात चालल्यागत चालतीस. मी बाजारात कसा चालतो?" मी यांच्यासारखी चालून दाखवली: हात मागं, पोट पुढं, घसा खाकरून खांबाला टेकायचं, आणि कुणी चहा विचारायची वाट बघायची, स्वतः मागायचा नाही. ब्राह्मी दारात होती, ती खालीच बसली हसत.

हे म्हणाले, "मी आसा करतो?"

"रोज."

विचार करून म्हणाले, "मग खाकरायचं दोनदा. एकदा खाकरून चहा येत न्हाई."

६ ऑगस्ट, बुधवार

चंदना येते आता. घरून नेसून येते, बाकीच्या लुगडी खोचून झाल्या की मी हाक मारते, मग आत. गाणं उचललं की शेडातलं सगळं बारदान जणू उठून बसतं. पण ती उभी जाळीपाशी. अकरा जणी रिंगणात, बारावी लांब. रिंगणाला तिथं एक खिंड पडते. फेर धरला की दर वेळी तिथं आमचा ताल मोडतो.

ब्राह्मी आज परत सुटली. ढोपर सोललं.

मंगलनं कमरेवर हात ठेवले, घाम पुसला. मग जाळीकडं न बघताच म्हणाली, "ए चंदना. आईनं फुगडी शिकवलीय का नुसतं गाणंच?"

"शिकवलीय."

"ये. मनगट धर, बोटं न्हाई. आन् सोडलंस तर तुझ्या आईला सांगीन."

दोघींनी हात धरले. आधी सावकाश. मंगलचा चेहरा दगडासारखा. मग वेग आला, पायांखालची माती उडायला लागली, दोघींचे पदर सुटून एकात एक गुंतले आणि मंगल, आमची मंगल, मान मागं टाकून किंचाळली, लहान पोरी पाळण्यात किंचाळतात तशी.

थांबल्यावर धापा टाकत म्हणाली, "तोल हाय तुला." मग माझ्याकडं वळून बोट दाखवून, "फुगडी येगळी आन् खोली येगळी. आधीच सांगते."

"कुणी काही म्हणालं का?" मी म्हणाले.

चंदना म्हणाली, "ताई, खोली तुमची. मला पाणी द्या तेवढं."

मंगलनं स्वतःच्या तांब्यातलं दिलं. मी पाहिलं ते.

१२ ऑगस्ट, मंगळवार

रिंगण पूर्ण. राजमतीला खुर्चीत बसवून शेडात आणली. लेकीचं गाणं ऐकून म्हणाली, "तिसऱ्या ओळीला श्वास चोरती." मग सगळा वेळ डोळे पुसत होती.

माझं खाकरणं दोनदाच हवं की तीनदा, यावर मंडळात दोन तट पडलेत.

१८ ऑगस्ट, सोमवार

काल झाली स्पर्धा. हात वर जात नाहीत, म्हणून सावकाश लिहिते.

वडापची भाड्याची जीप ठरवलेली. वाटेत चाक बसलं. वेळ जाईल म्हणून मी जीपमध्येच धोतर नेसले, टोपी घातली, ब्राह्मीनं काजळानं मिशी काढली. हॉलच्या दाराशी मोठी पाटी: "फक्त महिलांसाठी. मोबाईल आणि पुरुषांना प्रवेश नाही." दारात कॉलेजातली एक पोरगी, गळ्यात बिल्ला. आमच्या सगळ्या आत गेल्या. चंदना हिरव्या इरकलीत, नाकात आईची नथ, तीही गेली. आणि पोरीनं माझ्यापुढं हात आडवा घातला.

"आजोबा, पुरुषांना सोडत नाही आत."

"अगं, मी पद्मावती!"

"असं कसं आजोबा? बाहेर मंडप आहे, तिथं चहा आहे."

मला राग आला, आणि राग आला की सवयीनं मी खाकरले. दोनदा. मग तर पोरीची खात्रीच पटली. आतून चंदना परत आली, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "आमच्यातल्याच आहेत त्या. सोडा." मंगल भिंतीला धरून हसत होती. उचकी लागली तिला.

हसणं तेवढ्यावर संपलं. आमचा नंबर शेवटचा होता. आमच्या आधी रहिमतपूर. ते खेळून उतरले आणि सुलाबाई सरळ आयोजक बाईंकडं गेली. चंदनाकडं हात केला. गल्लीतली बातमी तिकडं पोचलेली असणार. मी समजले.

आयोजक बाई चांगल्या होत्या, पण घामाघूम. आम्हाला कोपऱ्यात बोलावलं. "तुमच्यातल्या एका सदस्येबद्दल हरकत आलीय. आमच्या नियमात नुसतं 'महिला' लिहिलंय. पुढचा विचार आम्ही केलाच नव्हता, खरं सांगते. आता उभ्या उभ्या काय ठरवू?"

चंदना म्हणाली, "कार्डावर स्त्री लिहिलंय माझ्या. दाखवू?"

सुलाबाई तिथंच होती. म्हणाली, "कार्डाचं न्हाई बाई. तुला वाईट वाटावं म्हणून बी न्हाई. आमच्या पोरी हितं सुटून नाचतात. आज तू चांगली, उद्या तुझ्या नावाखाली दुसरं कुणी बी घुसंल. मला माझ्या पोरी घरी न्यायच्यात." करंडकाचा राग मी धरून आहे, पण हे ऐकून मला मंगलचीच आठवण झाली, आणि राग धरता आला नाही. ब्राह्मीला मात्र आला. ती भांडायला लागली, तिला दगडाबाईंनी ओढून बसवली.

बाई म्हणाल्या, "दोन वाटा आहेत. अकरा जणी खेळा, तुमचे गुण धरू. नाहीतर बारा जणी स्पर्धेबाहेर खेळा, गुण नाहीत, बक्षीस नाही. पुढच्या वर्षीचा नियम नीट बसून करू, तुम्हालाही बोलावू."

चंदना लगेच नथ काढायला लागली. "मी बसते, आक्का. पडद्यामागून गाते. आईला करंडक दिसू दे."

मी तोंड उघडलं. काय बोलणार होते मला अजून माहीत नाही. कारण आधी मंगलच बोलली.

"नथ घाल ती. बाहेर तर बाहेर."

"मंगल, तुझंच तर..." मी म्हणाले.

"माझं भांडाण माझ्या घरातलं हाय, आक्का. ते मी शेडात भांडीन. ह्यांनी मला सांगायचं न्हाई माझी जोडी कोण ते." आणि सुलाबाईकडं वळून, "आवं, तुमचं म्हणणं मला कळतंय. मी बी तेच बोलले हुते. पण तुमी तिच्यासंगं फुगडी घातली न्हाई, मी घातलीया."

कोणी नाही म्हणालं नाही. करंडकापायी साखर सोडलेली मी, मीसुद्धा नाही म्हणाले नाही. करंडकाकडं एकदा वळून बघितलं, तेवढं लिहून ठेवते.

उभ्या राहिलो. माईकवरून सांगितलं, "हे मंडळ स्पर्धेबाहेर." हॉलमध्ये कुजबुज. चंदनाचा पहिला सूर जरा कापला. दुसरा नाही.

दर मंडळाला आठ मिनिटं. आठ झाली की एक बाई टेबलावरची घंटा वाजवायची, पाय हवेत असले तरी खेळ बंद. आम्ही फेर धरला, पिंगा घातला, झिम्मा झाला. मी नवरा होऊन माडीवर बसले, रुसले, खाकरले. बायका खुर्च्यांवरून घसरल्या. एक म्हातारी ओरडली, "आगं, ह्यो तर आमच्यातला!" सोंग संपलं आणि आम्ही घंटेची वाट बघत उभ्या राहिलो.

घंटा वाजेना.

घंटेवाली बाई म्हणाली, "तुम्ही स्पर्धेबाहेर ना? मग मी कशाला वाजवू?"

परीक्षक बायकांनी पेनं खाली ठेवलेली. एकीनं तर चपला काढून पाय वर घेतले होते. चंदनानं माझ्याकडं बघितलं, मी दगडाबाईंकडं बघितलं. दगडाबाई म्हणाल्या, "मग थांबलाय कशाला, भवान्यांनो?"

मंगल आणि चंदनानं फुगडी घातली. तशी मी जन्मात बघितली नाही. हॉलमधल्या बायका मोजायच्या थांबून नुसत्या टाळ्या देत होत्या. गाणी संपली तेव्हा चंदना समोर दिसेल तिच्यावर गाणी जुळवायला लागली: घंटेवालीवर, दारातल्या पोरीवर, माझ्या मिशीवर. जिच्यावर गाणं झालं ती उठून रिंगणात. कुठल्या कुठल्या गावच्या, नावं माहीत नाहीत. बारा जणींचं रिंगण हॉलच्या भिंतींना लागलं. रहिमतपूरच्या पोरी आधी चुळबुळल्या, मग परत करायला आणलेला गेल्या वर्षीचा फिरता करंडक खुर्चीवर ठेवून आल्या. हो, यंदाही तो त्यांनाच मिळणार हे उघड होतं, आणि मिळाला.

सुलाबाई एकटी बसून होती. चंदना तिच्यासमोरून गात गेली:

रहिमतपूरची सुला गं,
नियम घालती मला गं,
नियम राहू दे खुर्चीवर,
फुगडी बोलावती तुला गं!

सगळा हॉल "ओ" करून हसला. सुलाबाई उठली. चंदनाकडं न जाता सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"माझं मत बदललं न्हाई," ती म्हणाली.

"मी कुठं विचारलं?"

"हात द्या."

"मिशी पुसते आधी."

"मिशी ऱ्हाऊ दे. कधी न्हवं ते नवऱ्याला गरागरा फिरवायला मिळतंय."

आणि बाईनं मला फिरवलं! धोतराचा सोगा सुटला, टोपी कुठं गेली अजून सापडली नाही. मध्येच मी चंदनाकडं बघितलं. ती आता गात नव्हती. रिंगणातल्या चार-पाच जणी गात होत्या आणि ती नुसती नाचत होती, इतरांसारखी, कुठल्या तरी अनोळखी बाईच्या गळ्यात हात टाकून.

दिवस बुडायला आला तेव्हा मीच थांबवलं. मला खायचं होतं. सगळ्या हसल्या.

जीपमध्ये मंगल चंदनाच्या खांद्यावर डोकं ठेवून घोरत होती.

२० ऑगस्ट, बुधवार

यांनी विचारलं, "बक्षीस काय?" मी म्हणाले, काही नाही, आणि तुमची टोपी पण गेली. हे म्हणाले, "मग एवढी हसतीस कशाला?" घसा खाकरला, एकदाच. मी चहा दिला.

दुपारी सुलाबाईचा फोन. "नियमाचं मी बोलले ते बोलले. पण आमच्या पोरींच्या तोंडातनं तुमच्या त्या पोरीची गाणी जाईनात. गाणं पाठवंल का फोनवर?" मी फोन चंदनाला नेऊन दिला. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "फोनवर नाही, मावशी. मी शिकवते रिंगणात उभी राहून. बोलवत असाल तर येते." सुलाबाई म्हणाली, "बायकांस्नी इचारून सांगते."

म्हणजे आता तिथंही बैठक बसणार.

मंगलला सांगितलं तर तिनं लगेच पदर खोचला. "मी जाते तिच्यासंगं. कुणाचं अंग आक्रसलं तर काय बोलायचं ते मलाच ठावं हाय. तुमाला न्हाई जमायचं, आक्का, तुमी लगीच स्वाध्याय काढता."

राजमती म्हणाली, दोघी जावा, माझी लेक एकटी नको. गाणी देऊन टाका सगळी, गाण्यानं काय कमी होतंय?

मी म्हणाले, गाणी द्या हवं तर. नवरा देऊ नका म्हणावं.